घाना, माली, सोंघाय समजून घ्यायचंय? राजांची यादी बाजूला ठेवा आणि मिठापासून सुरू करा

मालीचा राजा मन्सा मुसा (मन्सा म्हणजे राजा) म्हणजे जगातला आजवरचा सगळ्यात श्रीमंत माणूस, हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. सोबत डॉलरमधला एक भलामोठा आकडा. तो आकडा विसरून जा, चौदाव्या शतकातल्या राजाची संपत्ती आजच्या डॉलरमध्ये मोजायचं साधन कुणाकडेच नाहीये. पण त्या फॉरवर्डमुळे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की सहाराच्या खालच्या अंगाला एवढी मोठी राज्यं होती, मग ते गुगल करतात, आणि घाना, माली, सोंघाय अशी तीन नावं, राजांची भलीमोठी यादी आणि सनावळ्या बघून टॅब बंद करतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. काय आधी बघायचं, कुठे थांबून हिशोब मांडायचा आणि कशावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, एवढंच. पोराला शाळेत प्रोजेक्ट मिळालं असेल तरी चालेल, नुसती हौस असेल तर उत्तमच.

आधी नकाशा, आणि तो हाताने काढा

छापील नकाशात रंगवलेल्या सीमा असतात आणि त्या डोक्यात बसल्या की सगळं चुकतं, कारण या राज्यांना तशा सीमा नव्हत्याच. म्हणून एक कोरा कागद घ्या. वरती मोरोक्को-अल्जीरियाची बाजू, सगळ्यात खाली गिनीचं जंगल, आणि मधे आडवे पट्टे. मोठा पट्टा सहाराचा. त्याखाली साहेल, म्हणजे गवताळ, कोरडवाहू भाग, जिथे ज्वारी-बाजरी पिकते (आपली ज्वारी आणि बाजरी दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या, हे जाता जाता). त्याखाली झाडझाडोरा वाढत वाढत जंगल.

आता नायजर नदी काढा. ही नदी जरा विचित्रच आहे, समुद्रापासून काही फार लांब उगवत नाही पण समुद्राकडे जायचं सोडून वर ईशान्येला वाळवंटाच्या दिशेने चालत सुटते, टिंबक्टूपाशी सहाराला जवळजवळ टेकते, तिथून वळते आणि गाओवरून खाली आग्नेयेला जाऊन आजच्या नायजेरियात समुद्राला मिळते. ते वळण जाड पेनाने गिरवा.

मग ठिकाणं टाका. वरती वाळवंटाच्या उत्तर काठावर सिजिलमासा, मोरोक्कोत. वाळवंटाच्या मधोमध तघाझा, मिठाची खाण. दक्षिण काठावर डावीकडून उजवीकडे औदाघोस्त, कुंबी सालेह, वालाता, टिंबक्टू, गाओ. टिंबक्टूच्या खाली नदीच्या खोऱ्यात जेन्ने. आणि सोनं अजून खाली: सेनेगल नदीच्या वरच्या अंगाला बांबुक, नायजरच्या वरच्या अंगाला बुरे. एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा, जुना घाना म्हणजे आजचा घाना देश नव्हे. आजच्या देशाने १९५७ साली स्वतंत्र होताना ते नाव घेतलं, जुनं राज्य तिथून शेकडो किलोमीटर वायव्येला, आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या हद्दीवर होतं. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हमखास चुकणारी जागा आहे ही.

आता कागद लांब धरून बघा. मीठ वर, सोनं खाली, आणि मोठी शहरं सगळी मधे, वाळवंटाच्या दक्षिण काठाला चिकटून. उंट तिथवरच येतो, पुढे दमट हवा आणि रोगराई त्याला मानवत नाही, म्हणून माल उतरवायचा आणि गाढवावर, होडीत किंवा माणसाच्या डोक्यावर चढवायचा. टिंबक्टूला उंट येऊन थांबायचे आणि जवळच्या काबरा बंदरातून होड्या जेन्नेकडे जायच्या. जिथे माल उतरतो-चढतो तिथे बाजार, आणि जिथे बाजार तिथे वसुली. थोडक्यात हे जकात नाक्याचं राज्य. एवढी एक गोष्ट पकडून ठेवली की बाकी सगळं तिच्याभोवती आपोआप लागत जातं, कारण यातल्या कुठल्याच राजाचं पोट खाणीवर नव्हतं, ते मधल्या जागेवर होतं.

सोन्याच्या खाणी जिंकून का नाही घेतल्या, असं कुणीही विचारेल. अल-उमरी नावाचा कैरोतला सरकारी लेखक चौदाव्या शतकात याचं उत्तर देऊन गेलाय. मालीच्या राजांनी अनुभवावरून ठरवलं होतं की सोनं काढणाऱ्या गावांवर थेट राज्य करायला गेलं आणि तिथे आपला धर्म, म्हणजे इस्लाम, लावला की उत्पादनच घटतं, म्हणून त्यांना त्यांच्या पद्धतीने जगू द्यायचं आणि नजराणा घ्यायचा. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात हुशारीचं धोरण हेच.

मग मिठाचा हिशोब

"तिकडे मीठ सोन्याच्या भारोभार विकलं जायचं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते तपासायची पद्धत सोपी आहे आणि ती स्वतः करून बघाच, कारण इथे आपल्याला भाव मिळतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता फेब्रुवारी १३५२ मध्ये सिजिलमासाहून काफिल्याबरोबर निघाला, पंचवीस दिवसांनी तघाझाला पोचला. तिथलं वर्णन जबरदस्त आहे: घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, एक झाड नाही, पाणी खारट, आणि खाणीत राबणारे सगळे गुलाम, मसूफा नावाच्या वाळवंटी टोळीच्या मालकीचे. तो भावही लिहून ठेवतो. उंटाचं एक ओझं मीठ वालाताला ८ ते १० मिस्काल सोन्याला जायचं, आणि तेच मालीच्या राजधानीत २० ते ३० ला, कधी कधी ४० ला.

आता कॅल्क्युलेटर काढा. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम. ३० मिस्काल म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास सोनं. उंटाचं ओझं दीडशे किलो धरा. म्हणजे एक किलो मिठाला एक ग्रॅमसुद्धा सोनं पडत नाही. भारोभार वगैरे काही नाही! पण दुसरी बाजू बघा, वालाता ते राजधानी एवढ्या टप्प्यात भाव तिप्पट होतोय, आणि समुद्रापासून इतक्या आत, त्या उन्हात, माणसांना आणि गुराढोरांना मिठाशिवाय चालत नाही, म्हणजे गिऱ्हाईक कायमचं. नफा आहे तो या चढत्या भावात, आणि राजाचा वाटाही त्यातच.

तो वाटा कसा काढायचा याचा नमुना तीनशे वर्षं आधीच्या घानात मिळतो. अल-बक्री या अरबी भूगोलकाराने १०६८ साली लिहिलंय की घानाचा राजा मिठाचं एक गाढव राज्यात आलं की एक सोन्याचा दिनार घ्यायचा आणि तेच मीठ राज्याबाहेर गेलं की दोन दिनार. तांब्याच्या ओझ्यावर पाच मिस्काल, इतर मालावर दहा. आणि खाणीत सोन्याचा गड्डा सापडला तर तो राजाचा, लोकांनी फक्त सोन्याची भुकटी ठेवायची. अल-बक्री कारणही देतो, नाहीतर सोनं इतकं होईल की त्याला किंमतच उरणार नाही. म्हणजे पुरवठा आवळून भाव टिकवायचा धंदा अकराव्या शतकात चालू होता.

वहीत तीन रकाने करा: काय खाली आलं, काय वर गेलं, आणि चलन काय. खाली मीठ, तांबं, कापड, घोडे, मणी, नंतर पुस्तकंसुद्धा. वर सोनं, हस्तिदंत, आणि माणसं. हा शेवटचा शब्द बऱ्याच चकचकीत व्हिडिओंत गाळलेला असतो, तो गाळू नका. इब्न बतूता १३५३ मध्ये सहारातल्या ताकेद्दा गावाहून परत निघाला त्या काफिल्यात सहाशे गुलाम बायका होत्या, आणि तो हे अगदी सहज एका ओळीत सांगून पुढे जातो. टिंबक्टूच्या ग्रंथालयांचं कौतुक करताना त्याच रस्त्यांवरून हेही चालायचं हे लक्षात राहू दे.

चलनाच्या रकान्यात सोन्याबरोबर कवड्या लिहा. या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता आणि नंतर मालीलाही गेला, त्यामुळे दोन्हीकडचा भाव त्याला माहिती: मालदीवमध्ये एका दिनारला चार लाख कवड्या, माली आणि गाओमध्ये ११५०. मधल्या प्रवासात काय झालं ते तुम्हीच काढा. (हाच माणूस मालदीवच्या आधी दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी होता आणि आपल्या दौलताबाद, नंदुरबारवरूनही गेलाय. एका आयुष्यात नंदुरबार आणि टिंबक्टू दोन्ही बघितलेली माणसं त्या काळात किती असतील!)

सांगतोय कोण, आणि तो तिथे गेला होता का

ही पायरी लोक टाळतात आणि मग यूट्यूबवरच्या कशावरही विश्वास ठेवतात. प्रत्येक माहितीपुढे पेन्सिलीने लिहायची सवय लावा: पाहिलेलं, विचारलेलं, की ऐकीव.

अल-बक्री स्पेनमध्ये, कोर्दोबात बसून लिहीत होता, आफ्रिकेत तो गेलाच नाही. व्यापाऱ्यांना विचारून लिहिलेलं आहे, तरी कराचे दर वगैरे व्यापाऱ्याला पाठच असणार, म्हणून तिथे मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवतो. घानाच्या राजाकडे दोन लाखांची फौज होती असं तो म्हणतो तिथे मात्र कमी. अल-उमरी पण मालीला गेला नव्हता, पण मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत राहिला तेव्हा ज्यांनी त्याची सरबराई केली त्यांना त्याने बारा वर्षांनी विचारलं. इब्न बतूता स्वतः गेला, पण त्याचं पुस्तक त्याने घरी परतल्यावर तोंडी सांगून लिहवून घेतलंय, आणि माणूस जरा रुसका. मालीचा तेव्हाचा राजा मन्सा सुलेमानने पाहुणचार पाठवला म्हणून तो कपडे आणि पैसे येतील या आशेने उठला, आणि समोर आलं काय तर तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यातलं दही. तो हसत सुटला असं स्वतःच सांगतो. आता यानंतर त्याने सुलेमानला कंजूष म्हटलं तर ते कितपत धरायचं तुम्ही ठरवा. तोच माणूस दुसरीकडे कबूल करतो की या मुलखात प्रवासी निर्धास्त फिरतो, चोराचिलटाचं भय नाही, आणि रागात असलेल्या माणसाने केलेली ही स्तुती मला जास्त वजनदार वाटते.

कैरोचा किस्सा या पद्धतीने तपासून बघा. फॉरवर्ड म्हणतो मुसाने इतकं सोनं वाटलं की इजिप्तची अर्थव्यवस्था कोसळली. अल-उमरी म्हणतो की आधी मिस्कालभर सोन्याचा भाव चांदीच्या २५ दिरहमच्या खाली जात नसे, मुसा येऊन गेल्यापासून २२ किंवा त्याहून कमी झाला आणि बारा वर्षं तसाच राहिला. म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास घसरण. मोठी आहे, पण कोसळली वगैरे नाही. आणि गंमत म्हणजे कैरोच्या दुकानदारांनी या साध्या लोकांना एका दिनारचा कपडा पाच दिनारला विकला, आणि परतताना खुद्द मुसाला तिथल्या सावकारांकडून जबर व्याजाने कर्ज काढावं लागलं. रीलवाले हा भाग कधी सांगत नाहीत.

स्थानिक बाजू दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे पिढीजात गायक-कथेकरी, ज्यांना तिकडे जेली म्हणतात. सुंदियाताची कथा त्यांच्यामुळेच टिकली, त्याने शेजारच्या सोसो राज्याच्या सुमांगुरूला १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत हरवलं आणि माली उभं राहिलं. त्यात जादूटोणाही आहे, तो जादूटोणा म्हणूनच वाचायचा. दुसरं, टिंबक्टूच्या विद्वानांनी सतराव्या शतकात अरबीत लिहिलेले इतिहास, सोंघायसाठी ते सगळ्यात जवळचे. आणि या सगळ्यांवर मात करणारा पुरावा कधी कधी वाळूतून येतो. मॉरिटानियात भर वाळवंटात १९६४ मध्ये एका काफिल्याचा पुरून ठेवलेला माल मिळाला, सुमारे दोन हजार पितळी सळ्या आणि कवड्या, साधारण बाराव्या शतकातल्या. कुणीतरी परत येऊन नेऊ म्हणून पुरलं आणि आलंच नाही.

आता पडझड, पण "आक्रमण झालं आणि संपलं" असं वाचू नका

इथे प्रत्येक राज्याला तेच तीन प्रश्न विचारायचे. उत्तरेकडचा रस्ता सरकला का? दक्षिणेकडचं सोनं दुसरीकडून यायला लागलं का? आणि घरात गादीवरून भांडण होतं का? तिन्हीची उत्तरं एकत्र ठेवली की मग शत्रू का जिंकला ते कळतं.

घाना घ्या. जुन्या पुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं की अल्मोराविदांनी (सहारातून उठलेली बर्बर मुसलमान राजवट) १०७६ मध्ये घाना जिंकला आणि संपवला. पण त्या विजयाचा प्रत्यक्ष पुरावा फारच कच्चा आहे आणि आता बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. अल-इद्रिसी हा भूगोलकार तर ११५४ मध्ये घानाचं भरभराटीचं वर्णन करतो. मग आपले तीन प्रश्न लावा: अल्मोराविदांनी १०५४ च्या सुमारास औदाघोस्त घेतलं हे नक्की, म्हणजे उत्तरेचं दार हातातून गेलं. बांबुकऐवजी बुरेचं सोनं पुढे आलं, ते आणखी आग्नेयेला, घानाच्या वाटेवर नाहीच. काफिले वालाताकडे वळले. त्यात साहेल कोरडा पडत गेला. नाका जागेवरच राहिला, गाड्याच दुसऱ्या रस्त्याने जायला लागल्या, आणि सोसोवाले आले तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं.

मालीचं दुखणं मुख्यतः तिसऱ्या प्रश्नातलं. मन्सा सुलेमान १३६० मध्ये वारला आणि गादीसाठी जी मारामारी सुरू झाली ती थांबेचना. एवढं पसरलेलं राज्य, टोकाची शहरं सांभाळायला सैन्य लागतं आणि सैन्य राजधानीत एकमेकांशी लढतंय. गाओ सुटलं, १४३३ मध्ये सहारातल्या भटक्या तुआरेगांनी टिंबक्टू घेतलं. पण माली तेव्हा मेलं नाही, खालच्या बाजूला लहान होऊन सतराव्या शतकापर्यंत टिकून राहिलं, हे कुणी सांगत नाही.

सोंघायवर मात्र जास्त वेळ द्या, कारण इथे कागदपत्रं भरपूर आहेत. सोंघायचा राजा सुन्नी अलीने १४६८ मध्ये टिंबक्टू घेतलं आणि मग लांबलचक वेढा घालून जेन्ने, म्हणजे नदीचं पूर्ण वळण एका हातात. टिंबक्टूचे विद्वान त्याला शिव्या घालतात कारण त्याने त्यांना छळलं, आणि त्याच्यानंतर १४९३ मध्ये गादी बळकावणाऱ्या अस्किया मुहम्मदचं गुणगान गातात कारण त्याने त्यांना जपलं. (पुन्हा तेच, सांगतोय कोण ते बघा.) पुढे शंभर वर्षं राज्य दणक्यात चाललं, पण कागदावर तुमच्या पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना काय चाललंय ते बघा. खाली किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये एल्मिनाचा किल्ला बांधला आणि सोन्याचा एक वाटा जहाजाने जायला लागला. वर मोरोक्कोच्या सुलतानांची नजर तघाझावर, आणि १५८० च्या दशकात त्यांची माणसं तिथे घुसलीच. त्यानंतर तघाझा ओस पडत गेलं, मिठाचं काम दक्षिणेला तौदेन्नीला सरकलं. आणि घरात, १५८८ मध्ये टिंबक्टूच्या बाजूने मोठं बंड, भावाभावांत लढाई. तिन्ही प्रश्नांना "हो". तेव्हा ऑक्टोबर १५९० मध्ये मोरोक्कोचा सेनापती जुदर पाशा चारेक हजार माणसं घेऊन मराकेशहून निघाला, वाळवंट ओलांडलं, आणि मार्च १५९१ मध्ये गाओजवळ तोंदिबीला सोंघायच्या कितीतरी मोठ्या फौजेला बंदुकांच्या जोरावर मोडलं. सोंघायवाल्यांनी पुढे गुरं सोडली होती, ती बारांच्या आवाजाने उधळून त्यांच्याच अंगावर आली.

बंदूक जिंकली हे खरंच आहे. पण पुढचं वाचल्याशिवाय थांबू नका. जुदर गाओत शिरला आणि त्याने कळवलं की मराकेशमधल्या गाढववाल्यांच्या मुकादमाचं घर इथल्या राजवाड्यापेक्षा बरं आहे. सोंघायचा पळालेला राजा अस्किया इसहाकने एक लाख मिस्काल सोनं आणि हजार गुलाम देऊ केले, परत जा म्हणाला, जुदरला ते पटतही होतं. मोरोक्कोचा सुलतान अल-मन्सूर मात्र भडकला, त्याने जुदरला बाजूला करून दुसरा पाशा पाठवला, कारण त्याला सोन्याच्या खाणी हव्या होत्या. खाणी सोंघायच्या नव्हत्याच कधी! पहिली काही वर्षं सोनं गेलं मराकेशला, टिंबक्टूचे विद्वान बेड्या घालून गेले, त्यातला अहमद बाबा सुलतानाला म्हणाला की माझी १६०० पुस्तकं गेली आणि माझ्या घराण्यात सगळ्यात छोटं ग्रंथालय माझंच होतं. पण सोनं आणणारा जो विश्वास होता, रस्ते सुरक्षित ठेवणारं राज्य होतं, तेच मोडलं. १६०३ मध्ये अल-मन्सूर मेला, मोरोक्कोतच यादवी लागली, आणि टिंबक्टूकडे मागे राहिलेले शिपाई तिथल्याच बायका करून स्थानिक जहागीरदार बनले.

एक सावधगिरी: "युरोपची जहाजं आली आणि काफिले संपले" असं लगेच लिहू नका. काफिले एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत होते, आणि तौदेन्नीहून टिंबक्टूला मिठाच्या लाद्या घेऊन उंट तर त्यानंतरही येत राहिले. संपली ती मधल्या जागेवर एकाच राज्याची पकड.

एवढं झालं की स्वतःची परीक्षा म्हणून चौथी केस करा: कानेम-बोर्नू. चाड सरोवराच्या बाजूला, वेगळा रस्ता, आजच्या लिबियातल्या फेझान आणि त्रिपोलीकडे जाणारा, वाटेत बिल्माचं मीठ. सोनं जवळजवळ नाही, म्हणून इथे व्यापार प्रामुख्याने गुलामांचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सोंघाय पडायच्या आगेमागेच, तिथल्या इद्रिस अलोमाने तुर्की बंदूकधारी आणि बंदुका स्वतःच मिळवल्या. हे राज्य एकोणिसाव्या शतकात पोचलं. मधे राजधानी बदलली, सरोवराच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकले, तरी घराणं तेच. आता तेच तीन प्रश्न लावा, आणि सोंघायला जे जमलं नाही ते यांना कशामुळे जमलं, बंदुकांमुळे, जागा बदलायच्या तयारीमुळे, की कुणाला हेवा वाटावा असं सोनंच नव्हतं म्हणून, ते उत्तर तुमच्या वहीत लिहा. माझं मत तिसऱ्याकडे झुकतं.